चिपळूणच्या ऑफिससाठी चार वर्कस्टेशन आणि एक सर्व्हर : कोटेशन आलंय, जरा बघून सांगा

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं चिपळुणात आर्किटेक्चर आणि सर्व्हेचं ऑफिस आहे, आम्ही सात जण. सध्याची मशीनं रायझन ५ ३६००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर, सगळी एकसारखी, फक्त एकात रॅम वाढवून ३२ केलीय. दिवसभर ऑटोकॅड चालू असतं, दोन मोठी कामं रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आहेत, रेंडर म्हणजे खरी वाटणारी चित्रं एन्स्केपवर करतो आणि आता ड्रोन सर्व्हेही सुरू केलाय तर त्याचे फोटो वेबओडीएमवर (फोटो जोडून नकाशा करणारं सॉफ्टवेअर) प्रोसेस करतो. सगळंच आता रखडायला लागलंय. ड्रोनचं तर ४०० फोटो टाकले की मध्येच मेमरी संपली म्हणून बंद पडतं.

डीलरने कोटेशन दिलंय ते असं. चार वर्कस्टेशन, प्रत्येकी कोअर आय ९ १४९००के, ३२ जीबी डीडीआर ५, आरटीएक्स ४०६० ८ जीबी, १ टीबी एनव्हीएमई, ८५० वॅटचा एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय). सर्व्हर म्हणून रिफर्बिश्ड (जुनं, दुरुस्त करून विकलेलं) २यू रॅक मशीन, दोन झिऑन ई५-२६८० व्ही ४, ६४ जीबी रॅम, ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशी जोडणी), वर विंडोज सर्व्हर. प्रत्येक मशीनला ६०० व्हीएचा यूपीएस. बजेट सगळं मिळून नऊ लाखांच्या आत बसवायचंय. वाचताना भारी वाटतंय पण एवढे पैसे एकदम घालायचे म्हणजे आधी जाणकारांना विचारावं म्हटलं.

खटपट्या_नाशिक
ताई, कोटेशन बाजूला ठेवा आणि आधी आत्ताच्या मशीनवर बघा नक्की अडतंय कुठे. रेव्हिट रखडलं की टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जा, सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दाखवायला सांगा. ३६०० ला १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) आहेत, त्यामुळे एकच थ्रेड पूर्ण कामाला लागला तरी वरचा एकूण आकडा ८-९ टक्केच दिसतो आणि माणसाला वाटतं सीपीयू तर रिकामाच बसलाय. रेव्हिट आणि ऑटोकॅडचं बरंचसं काम असं एका थ्रेडवर चालतं, तिथे २४ कोर असले काय नि ८ असले काय, एका कोरचा वेग किती तेच महत्त्वाचं.

मग मेमरीच्या पानावर 'कमिटेड' (चालू प्रोग्रामांनी मागून ठेवलेली एकूण मेमरी) हा आकडा बघा, 'इन यूज' नाही. आणि एन्स्केप चालू असताना जीपीयूच्या पानावर डेडिकेटेड मेमरी किती भरली ते. हे तीन आकडे इथे टाका, मग बोलू.

वाशिष्ठीकाठ
बघितलं. रेव्हिटची मोठी फाईल उघडून सिंक करताना सीपीयू ९ टक्के, एक चौकोन पूर्ण भरलेला आणि बाकीचे जवळजवळ रिकामे. मेमरीत कमिटेड २७ जीबी दाखवतंय आणि मशीनमध्ये आहे १६! एन्स्केप लावलं की जीपीयूची ६ जीबी पूर्ण भरते. ड्रोनचं काम ३२ जीबीच्या मशीनवर करतो, विंडोजवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून.

खटपट्या_नाशिक
बघा, निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. १६ जीबीच्या मशीनवर २७ जीबीचं काम म्हणजे वरच्या ११ जीबीतलं बरंचसं एसएसडीवर ये-जा करतंय, रखडणारच. ती मशीनं म्हातारी झालीत म्हणून नाही, रॅम कमी पडतेय म्हणून अडलीत. आणि जीपीयूची मेमरी ६ वरून ८ केलीत तर सहा महिन्यांत परत इथेच धागा काढायला लागेल.

डॉकरवाला
ड्रोनवाल्या मशीनबद्दल एक सांगतो, तिथे ३२ जीबी आहे पण वेबओडीएमला ३२ मिळत नाहीये. विंडोजवर डॉकर डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या लिनक्समध्ये चालतं आणि ते सांगितल्याशिवाय एकूण रॅमच्या निम्मीच घेतं, म्हणजे तुमच्याकडे १६. वेबओडीएमच्या मागे जे ओपनड्रोनमॅप आहे त्यांच्या माहितीत दिलेला ढोबळ अंदाज असा : २५० फोटोंना १६ जीबी, ५०० ला ३२, १५०० ला ६४, २५०० ला १२८. त्यामुळे ४०० फोटोंना १६ मध्ये मेमरी संपणारच.

तुमच्या युजर फोल्डरमध्ये .डब्ल्यूएसएलकॉन्फिग नावाची साधी टेक्स्ट फाईल करायची (नाव अर्थात इंग्रजीत, सुरुवातीला टिंब), त्यात मेमरी २६ जीबी आणि स्वॅप (रॅम संपली की वापरायची डिस्कवरची जागा) ३२ जीबी लिहायचं, डब्ल्यूएसएल बंद करून परत चालू करायचं. पैसे शून्य. करून बघा आणि सांगा.

वाशिष्ठीकाठ
डॉकरवाला दादा, अहो झालं! तेच ४०० फोटो काल रात्री लावले, सकाळी ऑर्थोफोटो (सगळे फोटो जोडून झालेला मापाचा नकाशा) तयार. मनापासून आभार. आता मात्र कोटेशन जसंच्या तसं मंजूर करायची हिंमत होत नाही, एकेक भाग घेऊन सांगाल का?

चंद्रपुरी_ऊन
ताई, आय ९ वर मी बोलतो. १४९००के भरात आला का २५३ वॅट खातो, एका मशीनचा नुसता सीपीयू. चार मशीन, त्यात ग्राफिक्स कार्डं, मॉनिटर, म्हणजे खोलीत दीड-दोन किलोवॅटचा हीटर लावून बसल्यासारखं होते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढते, त्यातली अर्ध्याच्या आसपास मशीनंच खाऊन जातील, माणसं राहिली बाजूला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते नं, तेव्हा असे सीपीयू स्वतःच वेग कमी करून घेतात, म्हणजे ज्या वेगाचे पैसे दिले तो मिळतच नाही. चिपळुणात पारा एवढा नाही चढत पण दमटपणा आहे, एसी तर लागतेच.

रेव्हिट-ऑटोकॅडला रायझन ७ ९७००एक्स घ्या. ८ कोर, ६५ वॅटचा, बूस्ट ५.५ गिगाहर्ट्झ. एका थ्रेडच्या कामात तो कुठेच मागे पडत नाही आणि साध्या एअर कूलरवर गपगुमान चालते.

सिलिकॉन_पेठ
१४९००के वर अजून एक मुद्दा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीत व्होल्टेज जास्त जाऊन सीपीयू हळूहळू अस्थिर व्हायचा प्रॉब्लेम २०२४ मध्ये उघड झाला, इंटेलने स्वतः मान्य केलं, मायक्रोकोडचे (सीपीयूच्या आतल्या सूचनांचे) अपडेट काढले आणि डबाबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा सीपीयू आणि पहिल्या दिवसापासून ताजा बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) असेल तर चालतो, माझ्या ओळखीत चालवणारे आहेत. पण डीलर बायोस अपडेट करून देणार का आणि सीपीयू डब्यातला देणार की ट्रेवरचा (डब्याशिवाय सुटा), हे लेखी घ्या. ट्रेवरच्या सीपीयूची वॉरंटी इंटेलकडे नाही, विकणाऱ्याकडे मागावी लागते, आणि तुम्ही चिपळूणवरून किती वेळा पुण्या-मुंबईला खेपा घालणार?

दादरचा_कॅडवाला
थोडा विरोध करतो. ज्या मशीनवर ड्रोनचं काम होणार तिथे कोर लागतातच. फोटोग्रामेट्री (फोटोंवरून मोजमाप काढणं) सगळे कोर वापरते, सीपीयूवर रेंडर असेल तर तेही. म्हणून चारही मशीन एकसारखी घ्यायचा हट्ट सोडा. एक मशीन दणकट, रायझन ९ ९९५०एक्सचं, १६ कोरवालं. ड्रोन, मोठे रेंडर सगळं तिकडे. बाकीची रेव्हिटसाठी. आणि ९९५०एक्सला बायोसमध्ये इको मोड असतो, १०५ वॅटच्या मोडवर टाका, पॉवर २३० वॅटवरून १४२ च्या आसपास येते आणि वेगात पडणारा फरक रात्रभराच्या कामात जाणवतसुद्धा नाही.

चंद्रपुरी_ऊन
हे पटलं भाऊ. एकच मशीन तापणार, ते पण रात्री. चालते.

रॅमराज्य_पुणे
रॅमवर कोणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहितो, कारण यंदा सगळ्यात जास्त चटका तिथेच बसतोय. २०२५ च्या शेवटापासून डीडीआर ५ चे भाव नुसते चढतायत, मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलीय, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे 'आत्ता ३२ घेऊ, पुढच्या वर्षी वाढवू' हा नेहमीचा सल्ला मी तरी आत्ता देणार नाही.

दुसरं म्हणजे एएम ५ (नव्या रायझनचा सॉकेट) बोर्डावर चार मॉड्युल (रॅमच्या पट्ट्या) लावायचा विचार करू नका. ९००० सिरीजला दोन मॉड्युलवर अधिकृत वेग ५६०० आहे, चारही खाचा भरल्या की तो ३६०० वर येतो. जास्तीवर चाललंच तर तुमचं नशीब, पण ऑफिसच्या मशीनमध्ये नशिबावर कशाला राहायचं. म्हणून रेव्हिटवाल्यांना ३२ चे दोन म्हणजे ६४, ड्रोनच्या मशीनला ४८ चे दोन म्हणजे ९६. ९६ मध्ये दीड-दोन हजार फोटोंपर्यंत जायला हरकत नाही, त्यापुढे ओपनड्रोनमॅपमध्ये स्प्लिट-मर्ज आहेच, तुकडे करून प्रोसेस होतं, वेळ लागतो पण होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची जुनी मशीनं एएम ४ ची, म्हणजे आधीच्या सॉकेटची आहेत. ती फेकू नका!! बोर्ड बी ४५० किंवा बी ५५० असेल तर बायोस अपडेट करून त्यात रायझन ७ ५७००एक्स बसतो, डीडीआर ४ तीच राहते, फक्त १६ ची ३२ किंवा ६४ करायची. ऑटोकॅडच्या माणसांना नवीन मशीनची गरजच नाहीये.

वाशिष्ठीकाठ
बोर्ड बी ४५० आहेत, बघितलं. ऑटोकॅडवर तिघं असतात, त्यांची मशीनं अशीच वाढवली तर नवीन मशीन फक्त दोन रेव्हिटवाल्यांना आणि एक ड्रोनचं, बरोबर ना? ग्राफिक्स कार्डाचं काय करू? डीलर म्हणाला प्रोफेशनल काम आहे तर क्वाड्रोच (प्रोफेशनल कामासाठीचं कार्ड) घ्यायला हवं, ४०६० फक्त बजेटसाठी लिहिलंय.

दादरचा_कॅडवाला
तुम्ही सॉलिडवर्क्स किंवा कॅटिया चालवत नाही ना, मग सर्टिफाइड कार्डाचा आग्रह कशाला? त्या लाइनमध्ये ड्रायव्हर सर्टिफिकेशनला अर्थ आहे, तिथे काही फीचर साध्या कार्डावर चालूच होत नाहीत. रेव्हिट आणि एन्स्केप साध्या जीफोर्सवर व्यवस्थित चालतं, ड्रायव्हर घेताना 'गेम रेडी' न घेता 'स्टुडिओ' घ्या एवढंच. त्याच पैशात मेमरी जास्त असलेलं कार्ड येतं.

नवीन मशीनला आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीचं. हेच कार्ड ८ जीबीतही येतं आणि डब्यावरचं नाव तेच असतं म्हणून बिलावर '१६ जीबी' लिहून घ्या. १८० वॅटचं कार्ड आहे, चांगला ६५० वॅटचा एसएमपीएस पुरतो, ८५० लागत नाही.

सिलिकॉन_पेठ
जुन्या बी ४५० मध्ये मात्र ते टाकू नका. ५०६० टीआय आठच लेन (बोर्डाशी डेटाच्या वाटा) वापरतं आणि बी ४५० चा स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे, रस्ता अरुंद होतो. कार्डाची मेमरी भरून वाहायला लागली की तिथे मार बसतो. जुन्यांपैकी एखाद्यावर एन्स्केप लागत असेल आणि आरटीएक्स ३०६० १२ जीबीवालं नवं मिळालं तर ते सोळा लेनचं आहे, तिथे बरं पडेल. नुसत्या ऑटोकॅडला १६६० सुपर भरपूर झालं, हातच लावू नका.

आयोवाचा_पाहुणा
मी दिवाळीत येतोय, इथून अमेरिकेतून ग्राफिक्स कार्डं आणशील का, असं माझ्या भावाने पण विचारलं होतं म्हणून सांगतो. भाव कधी कधी बरा पडतो पण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात घेतलं त्याच देशात चालते, आणि तुमच्या ऑफिसला जीएसटीचं बिल हातात पडणार नाही. ऑफिससाठी तिथे भारतातच घ्या.

हिशेबनीस
+१. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे, तुमची नोंदणी असेल तर इनपुट क्रेडिट मिळतं. बिल ऑफिसच्या नावावर, जीएसटी नंबर घालून, आणि प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर बिलावर. बिनबिलाचा भाव ऐकून भुलू नका, मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो नाहीतर आपली पुण्याची तपकीर गल्ली.

रॅकवाला_पिंपरी
आता सर्व्हर. रिफर्बिश्ड सर्व्हरला सगळे नावं ठेवतात म्हणून आधी त्याच्या बाजूने बोलतो. माझ्याकडे असली मशीनं आहेत आणि ती दणकट असतात. ईसीसी रॅम (चूक पकडून दुरुस्त करणारी), दोन पॉवर सप्लाय, चालू मशीनमधून डिस्क काढता येते, आणि मशीन बंद असलं तरी नेटवर्कवरून चालू करता येतं, स्क्रीन बघता येते. शिकायला, व्हर्च्युअल मशीन चालवायला मला तरी आवडतात.

पण ताई, तुमच्या कामाला हे मशीन नाही. तुम्हाला सात लोकांच्या फाईल ठेवायच्यात, एवढ्यासाठी २८ कोर? तो सीपीयू २०१६ चा आहे, एका थ्रेडला तुमच्या जुन्या ३६०० पेक्षासुद्धा मागे. २यू च्या बारक्या पंख्यांचा आवाज ऑफिसात बसून सहन होत नाही, वेगळी खोली लागते. आणि काही न करता नुसतं चालू असताना साध्या छोट्या सर्व्हरपेक्षा सहज १०० वॅट जास्त घेतं. १०० वॅट चोवीस तास वर्षभर म्हणजे ८७६ युनिट, तुमच्या कमर्शियल बिलावरचा दर लावून बघा.

आणि डीलरने सांगितलं का बघा, विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोरवर असतं. कमीत कमी १६ कोरचं घ्यावंच लागतं, मशीनमध्ये २८ असतील तर २८ चं. शिवाय माणशी कॅल (सर्व्हर वापरायचा परवाना) वेगळे. म्हणजे स्वस्त मशीन घेऊन लायसन्स महाग करून घ्यायचं.

वाशिष्ठीकाठ
कोटेशनमध्ये लायसन्ससमोर एकच रक्कम आहे, कोर-बिर काही लिहिलेलं नाही. विचारते. मग काय घेऊ? एकूण डेटा सध्या सव्वादोन टीबी, आणि ड्रोनचे मूळ फोटो धरून अजून साधारण तीन टीबी.

रॅकवाला_पिंपरी
दोन वाटा आहेत. पहिली, नामांकित कंपनीचा नवा छोटा टॉवर सर्व्हर, झिऑन ई-२४०० सिरीजचा, ईसीसी रॅम १६ किंवा ३२ जीबी, तीन ते पाच वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसकट. घेण्याआधी तुमच्या पिनकोडवर ऑनसाइट सर्व्हिस कितव्या दिवशी मिळते ते कंपनीकडूनच विचारून घ्या, 'नेक्स्ट बिझनेस डे' सगळ्या गावांना लागू होत नाही. दुसरी वाट, एएम ५ वर स्वतः जोडलेलं मशीन. त्यात ईसीसी चालतं पण बोर्डाच्या माहितीत ईसीसी यूडीआयएमएम (साध्या बोर्डावर बसणारा रॅमचा प्रकार) स्पष्ट लिहिलेलं हवं. 'डीडीआर ५ मध्ये ईसीसी असतंच' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते चिपच्या आतल्या आत असतं, चिपपासून सीपीयूपर्यंतच्या वाटेवर काही बिघडलं तर ते पकडत नाही. आणि जुन्या सर्व्हरमधली आरडीआयएमएम (सर्व्हरचा वेगळा रॅमचा प्रकार) यात बसतच नाही, स्वस्त मिळाली म्हणून घेऊन ठेवाल.

ऑफिसात मशीन उघडून बघणारं कोणी नसेल तर पहिली वाट धरा. वर ट्रूनॅस (फाईल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) टाका, विंडोज सर्व्हर नकोच, फाईल शेअर करायला कॅल लागत नाहीत.

डिस्कोबा
रेड ५ पण नको. ४ टीबीच्या चार डिस्क म्हणजे १२ टीबी जागा मिळते हे खरं, पण एक डिस्क गेली की नवी भरून होईपर्यंत बाकीच्या तिन्ही डिस्क शेवटपर्यंत वाचल्या जातात, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या डिस्क, आणि त्यात दुसरीने मान टाकली तर सगळंच गेलं. वर हार्डवेअर रेडचं कार्ड जळालं तर तसंच कार्ड शोधत फिरा. तुमचा डेटा साडेपाच टीबीच्या आत आहे, १२ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हीवर तोच डेटा) लावा, झेडएफएसवर (ट्रूनॅसची डिस्क सांभाळायची पद्धत). उद्या मशीन मेलं तर दोन्ही डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावा, ट्रूनॅस टाका, पूल (डिस्कवरचा सगळा साठा) उघडतो. जागा कमी पडली की अजून एक जोडी.

डिस्क सीएमआरचीच, एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) नको. २०२० मध्ये नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणीसाठी) म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या होत्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या यादीत तपासायचं. आणि दर तासाला स्नॅपशॉट लावा. रॅन्समवेअरने शेअरवरच्या फाईल एन्क्रिप्ट केल्या तरी तासाभरापूर्वीचं सगळं जागेवर असतं.

आता कळकळीचं. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून फोल्डर उडवलं तर मिरर ते दोन्ही डिस्कवरून इमानदारीत उडवतो. बॅकअप वेगळा, आणि एक प्रत ऑफिसच्या बाहेर.

वाशिष्ठीकाठ
बाहेरची प्रत का हवी हे मला कोणी समजवायला नको. २२ जुलै २०२१ ला आमचं ऑफिस बाजारपेठेत तळमजल्यावर होतं. पहाटे पाणी शिरायला लागलं, आम्ही पोचू शकलोच नाही. सहा-सात वर्षांची ड्रॉइंग, सगळं त्या एका सर्व्हरवर, आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात. पाणी उतरल्यावर खण उघडला तर चिखलाने भरलेला. क्लायंटना पाठवलेल्या ईमेलमधून जेवढं परत मिळालं तेवढं गोळा केलं. आता ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. सांगा, बाहेरची प्रत कशी करू, इथलं अपलोड ५० एमबीपीएसच्या आसपास मिळतं.

डिस्कोबा
ताई, वाचूनच वाईट वाटलं. पाच टीबी ५० एमबीपीएसवर म्हणजे अखंड नऊ-दहा दिवस, लाइन एकदाही न तुटता. म्हणून दोन भाग करा. चालू कामांची ड्रॉइंग आणि रेव्हिटच्या फाईल, म्हणजे रोज बदलतं ते, रात्री क्लाउडवर. त्यात रोजचा फरक तेवढाच जातो, ५० एमबीपीएस भरपूर. ड्रोनचे मूळ फोटो एकदा आले की बदलत नाहीत, ते ८ टीबीच्या दोन यूएसबी डिस्कवर, एन्क्रिप्ट करून, आलटून पालटून. एक ऑफिसात, दुसरी गावाबाहेर उंचावर राहणाऱ्या कोणाकडे, शक्यतो वाशिष्ठीच्या खोऱ्याबाहेरच, कराडला कोणी असेल तर फारच उत्तम. पावसाळ्याच्या आधी मे अखेरीस एकदा पूर्ण प्रत काढून पाठवायची म्हणजे पाठवायचीच. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एखादी फाईल परत आणून उघडून बघा, उघडली तरच तो बॅकअप.

तारवाला_सांगली
सगळं झालं पन विजेचं कोनीच बोलंना. ६०० व्हीएचा यूपीएस म्हंजे साधारन ३६० वॅट. ड्रोनचं मशीन पूर्ण भरात आलं, सीपीयू आनि कार्ड दोन्ही, तर इको मोडवर पन ३६० च्या वर जायला वेळ लागनार न्हाई, मॉनिटर वेगळाच. लाइट गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन तिथंच बंद, मग तो असून काय उपेग. त्या मशीनला १ केव्हीएचा घ्या आनि डब्यावर वॅट किती लिहिल्यात ते वाचा, १ केव्हीएत ६०० वॅटचे पन असत्यात, ९०० चे पन. प्युअर साइन वेव्हचा बघा, चांगल्या एसएमपीएसमधी ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढायचं सर्किट) असतंय आनि चौकोनी वेव्हवर त्यातले काही बंद पडत्यात.

सर्व्हरला ऑनलाइन यूपीएस, आनि त्याची यूएसबी वायर सर्व्हरला जोडाच. ट्रूनॅसमधी सोय हाय, बॅटरी उतराय लागली की सर्व्हर सवताहून नीट बंद होतोय. ती वायर बहुतेक ठिकानी डब्यातच ऱ्हाते.

आनि पैसे द्यायच्या आधी अर्थिंग तपासा. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आनि अर्थच्या मधी माप घ्या, ऑफिसातली सगळी मशीनं आनि एसी चालू असताना. २-३ व्होल्टच्या आत पायजे. दहा-पंधरा दाखवत असंल तर आधी वायरमनला बोलवा, मग सर्व्हर आना. कोकनात वळवाच्या विजा पडत्यात, इंटरनेटची लाइन तांब्याची असंल तर त्या वाटेनं पन मशीन जातंय, फायबर असंल तर बरं.

केबलकाका
नेटवर्कचं थोडक्यात सांगतो. गिगाबिटवर फाईल जास्तीत जास्त ११० एमबी सेकंदाला जाते, सर्व्हर कितीही भारी घ्या. तुमची वायर कॅट ५ई असेल तर तीच ठेवून २.५ गिगाबिटचा स्विच लावा, २८० पर्यंत जाते, नवीन बोर्डांवर २.५ चं पोर्ट बहुतेक असतंच. ड्रोनचे फोटो ढकलताना फरक कळेल. वायफायवर रेव्हिट सिंक कोणी करत असेल तर आजपासून बंद करा.

वाशिष्ठीकाठ
मंडळी, सगळं वाचून आम्ही बसलो आणि नवी यादी डीलरला पाठवली. रेव्हिटला दोन मशीन, ९७००एक्स, ३२ चे दोन रॅम, ५०६० टीआय १६ जीबी, ६५० वॅट. ड्रोनला एक, ९९५०एक्स, ४८ चे दोन, तेच कार्ड, पण पुढे मोठं कार्ड टाकायचं झालं तर म्हणून ८५० वॅट. ऑटोकॅडच्या तीन जुन्या मशीनमध्ये ५७००एक्स आणि ३२ जीबी, जुन्या दुसऱ्या मशीनमधली रॅम काढून त्यातच भागतंय. छोटा टॉवर सर्व्हर, मिरर, यूपीएस दोन्ही प्रकारचे, स्विच. बजेटच्या आत बसतंय, आणि वाचलेल्या पैशात पाच वर्षांची वॉरंटी निघतेय. डीलरशी पण नीट बोलणं झालं, २८ कोरचं लायसन्स त्यांनी धरलंच नव्हतं म्हणाले.

अर्थिंगला ११ व्होल्ट आलेत. वायरमन सोमवारी येतोय.

कोटेशनमध्ये एसएसडी आणि एसएमपीएसची कंपनी-मॉडेल नाहीये, '१ टीबी एनव्हीएमई' एवढंच. चालेल का?

सिलिकॉन_पेठ
अजिबात नाही. '१ टीबी एनव्हीएमई' या तीन शब्दांत काहीही बसतं. टीएलसी हवी, क्यूएलसी (एका पेशीत जास्त डेटा कोंबलेली) नको, शक्यतो डीरॅमवाली (आत स्वतःची छोटी मेमरी असलेली), आणि टीबीडब्ल्यूचा (एकूण किती टीबी लिहून होईल त्याचा) आकडा बघा, १ टीबीला ६०० च्या आसपास असलेल्या मिळतात. ड्रोनच्या मशीनला २ टीबी करा, वेबओडीएम कामाच्या मधल्या फाईलींनीच डिस्क भरून टाकतं. एसएमपीएस ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा), मॉडेल नंबरसकट. बोर्डाचंही मॉडेल लिहून घ्या, सर्व्हरच्या डिस्कचंही.

डिस्कोबा
आणि मशीनं आली की लगेच डेटा भरायला घेऊ नका. प्रत्येकावर एक रात्र मेमटेस्ट (रॅमची तपासणी) लावा, एक जरी चूक दाखवली तरी ती रॅम परत. सर्व्हरच्या डिस्कवर स्मार्टची (डिस्कने स्वतःच करायची तपासणी) लाँग टेस्ट, १२ टीबीला जवळजवळ एक दिवस लागतो, लागू दे. मग मिरर झाल्यावर थोडा खोटा डेटा टाका, मशीन बंद करून एक डिस्क काढा, एकाच डिस्कवर चालू करा, परत लावा आणि रिसिल्व्हर (त्या डिस्कवर डेटा परत भरणं) कसं होतं ते ऑफिसातल्या दोघांना तरी शेजारी बसवून दाखवा. डिस्कवर सिरीयल नंबरचं लेबल बाहेरून चिकटवून ठेवा, कोणती काढायची ते त्या दिवशी शोधत बसायला नको.

वाशिष्ठीकाठ
लेबलं आजच छापते. मशीनं आली की टेस्टचे रिझल्ट इथेच टाकीन.